नळीतले बुडबुडे

पंपाचं दुखणं घेऊन येणारा माणूस माझ्याकडे कायम कार्ब्युरेटरला शिव्या घालतच यायचा. "सुई कितीही फिरवली तरी वर चढताना इंजिन मरतं." तोवर त्याने इंधन कमीजास्त करायची ती सुई इतक्यांदा फिरवलेली असायची की ती मुळात कुठे होती हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मी त्याला स्टुलावर बसवायचो, इंजिन त्याच्या हातातून काढून घ्यायचो आणि एकच प्रश्न विचारायचो, "टाकी उघडून पाहिलीस?" पाहिलेली नसायचीच.

मी खेळण्यातल्या विमानांची इंजिनं दुरुस्त करायचो. खेळण्यातली म्हटलं की हौशी लोकांना मिरच्या झोंबतात, म्हणून मी मुद्दाम तसंच म्हणायचो. घराच्या मागच्या खोलीत माझं बाक होतं, बाकाला वस्तू घट्ट धरायचा शेगडा, वर खिडकी, आणि खिडकीबाहेर फरशीचं छोटं अंगण. तिथे एका लाकडी घोडीवर विमान बांधून इंजिन चालवून बघायचं. इंधन म्हणजे मिथेनॉल आणि एरंडेल. तो जळका गोडसर वास माझ्या सदऱ्यांतून कधी गेला नाही. तीस वर्षं झाली तरी बायको माझे कपडे वेगळे भिजवायची.

माझी पद्धत ठरलेली. आधी टाकी, मग टाकीतली नळी, मग दाबाची नळी आणि सगळ्यात शेवटी पंप. दहातल्या नऊ वेळा कुठल्यातरी नळीला केसाएवढं भोक सापडायचं आणि पंप बिचारा निर्दोष सुटायचा. पंप दिसायला अर्ध्या काडेपेटीएवढा. आत कांद्याच्या पापुद्र्यासारखा रबरी पडदा असतो, इंजिनाच्या पोटातल्या हवेने तो फडफडतो आणि इंधन ढकलतो. पडदा जरा फाटला, तरी सपाटीवर इंजिन छान चालतं. नाक वर केलं की मात्र इंधन चढत नाही. म्हणून शेवटची चाचणी अशी: विमान नाक वर करून उभं धरायचं, इंजिन पूर्ण वेगात सोडायचं आणि मनात दहा मोजायचे. दहापर्यंत मेलं नाही ते इंजिन मालकाला परत. ही चाचणी केल्याशिवाय मी इंजिन कुणाला दिलं नाही. एकदा सोडून.

त्या एका वेळेचं विमान घेऊन माझी धाकटी बहीण दारात उभी राहिली, तेव्हा तिचा नवरा जाऊन चार महिने झाले होते. तेवढ्या काळात ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. गाडीतून विमानाचं धड तिने एकटीने आणलं, मग पंख आणले. चाकांच्या जागी होडीच्या आकाराचे दोन फ्लोट असलेलं, पाण्यावरून उडणारं विमान. मी मदतीला हात पुढे केला तर तिने खांदा फिरवला.

"काय बिघडलं होतं ते शोध," ती म्हणाली. "माझ्या देखत."

"अगं, पण आता शोधून..."

"टाकीत निम्मं इंधन होतं, दादा. मग इंजिन थांबलं का?"

शहराला पाणी पुरवणाऱ्या तलावावर तिचा नवरा विमान उडवत होता. विमान चढत असताना इंजिन बंद पडलं, विमान तरंगत खाली आलं आणि तलावाच्या मधोमध बसलं. वारा पडलेला. तो पोहत आणायला गेला. पट्टीचा पोहणारा. विमान त्याच संध्याकाळी आपोआप किनाऱ्याला लागलं, कोरडं ठणठणीत. तो दुसऱ्या दिवशी सापडला.

त्याच्या आदल्या आठवड्यात तो पंप मी साफ करून दिला होता. हे तिला माहीत होतं. बाकीचं फक्त मला माहीत होतं.

बाकीचं असं. मेहुण्याचं आणि माझं कधी पटलं नाही. तो उडवणारा, मी दुरुस्त करणारा. मला उडवता येत नाही यावर तो मजा करायचा. क्लबच्या जेवणात चाळीस माणसांसमोर म्हणाला होता, "दादांची इंजिनं बाकावर अप्रतिम उडतात." सगळे हसले. मीही हसलो, आणि महिनाभर ते वाक्य मनात घोळवत राहिलो. मग पंपासकट इंजिन द्यायला आला तेव्हा दारातून पुन्हा तेच वाक्य. तो गेल्यावर मी सिरिंज घेतली. पंपातून सिरिंजने इंधन दाबायचं नाही, पडदा फाटतो. हे मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचो. पण हळूहळू धुवत बसण्याइतकी माझी त्याच्यावर माया नव्हती. अंगठ्याने दट्ट्या रेटला, आणि आत काहीतरी सुटल्यासारखं अंगठ्याला जाणवलं. पंप उघडून बघायला हवा होता. नाक वर करून दहा मोजायला हवे होते. मी सपाटीवर चालवलं, छान चाललं, आणि देऊन टाकलं. जास्तीत जास्त काय, चारचौघांत तोंडघशी पडेल, असं माझ्या मनात आलं होतं. आलं होतं हे मी नाकारत नाही.

बहीण स्टुलावर बसली. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत तिची नोकरी. एका जागी बसून तासन्‌तास काचेकडे बघायची तिला सवय. दोन्ही हात तिने मांडीवर ठेवले आणि डोळे माझ्या बोटांवर.

पद्धतीप्रमाणे पंप शेवटी. त्या पद्धतीचा मला एवढा आधार कधी वाटला नव्हता.

टाकी काढली, बादलीत बुडवून फुंकली. कुठेही गळती नाही. नळ्या जुन्या होत्या, सगळ्या बदलल्या. विमान घोडीला बांधून इंजिन सुरू केलं. पहिल्याच झटक्याला सुरू झालं, आवाज स्वच्छ. मग पारदर्शक नळीत मला बुडबुडे दिसले.

हवा शिरत असेल तर बुडबुड्यांची एकसारखी माळ लागते. ही माळ नव्हती. पाचसहा बुडबुडे एकदम, मग काही नाही, मग पुन्हा पाचसहा. आणि ते पंपाकडून टाकीकडे येत होते, उलटे. मी इंजिन बंद केलं. पंखा थांबला. अंगणात शांतता झाली.

पाचसहा बुडबुडे आले. थांबले. पुन्हा आले.

"इंजिन बंद आहे ना?" बहिणीने विचारलं.

"सायफन आहे तो. होतं असं."

टाकी आणि इंजिन एका पातळीवर होती, तिथे सायफन शक्यच नव्हता. पण ते तिला कुठून कळणार? तिने मोबाइल काढला आणि त्यावर सेकंद मोजायला लागली. "चार सेकंदांनी येतात," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आता सहा." मग नऊ. मग बराच वेळ काहीच नाही, आणि शेवटचा एकच, मोठा, सावकाश सरकत गेला. तिने मोबाइल पर्समध्ये टाकला.

"उद्या येते," ती म्हणाली. बायकोने जेवायला थांबवायचा प्रयत्न केला, तर तिच्याकडेही न बघता गाडीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ती येऊन बसल्यावर मी इंधनाचा नवाकोरा डबा फोडला. मापाच्या नळकांड्यातून बरोबर दोनशे मिलिलिटर टाकीत भरलं, सहा मिनिटं इंजिन चालवलं आणि उरलेलं परत काढून मोजलं. दोनशे साठ भरलं.

मी माणूस मोजमापाचा आहे. नळकांडं धुतलं, पुसलं, पुन्हा केलं. या वेळी दोनशे नव्वद. इंधन ताकासारखं गढूळ झालं होतं. एरंडेल वर तरंगत होतं आणि खाली पाणी. मिथेनॉल हवेतलं पाणी शोषतं हे मला माहीत आहे. पण ते थेंबथेंब, आठवडे लागतात. शिवाय एवढ्या पाण्यावर कुठलंही इंजिन चालत नाही. हे चाललं होतं, आणि छान चाललं होतं. पाण्याच्या तळाशी दोऱ्याएवढं काहीतरी हिरवं हलत होतं.

आतून बायकोने आवाज दिला, "अहो, तिकडचा नळ चालू ठेवलात का? कधीपासून गुडगुड ऐकू येतंय!"

अंगणात नळ नव्हता. तीस वर्षं त्या घरात राहिलेल्या बाईला हे मी ओरडून सांगावं असं मला वाटलं नाही.

बहिणीने पर्समधून झाकणाची छोटी बाटली काढली, त्यातलं पाणी भरून घेतलं आणि वर चिठ्ठी चिकटवून तारीख घातली, जशी ती रोज पन्नास बाटल्यांवर घालते. जाताना म्हणाली, "उद्या पंप उघड."

त्या दिवशी मी जेवलो नाही. मला बहिणीचा राग आला होता. चार महिने तोंड फिरवून बसायचं आणि मग माझ्याच अंगणात येऊन माझी उलटतपासणी घ्यायची? जमलं तर मला माफ करावं म्हणून ती आली नव्हती. ती मला धरायला आली होती. आणि मला काहीही करून सुटायचं होतं, कारण आई-वडलांमागे माझं रक्ताचं माणूस ती एकच होती. पडदा फाटलेला निघाला, तर ती कायमची गेली.

तिसऱ्या दिवशी ती आली तीच उभ्याने बोलली.

"तलावाचं पाणी आहे. मी तलावावर जाऊन दुसरी बाटली भरून आणली आणि दोन्ही शेजारी ठेवून बघितली. शेवाळ तेच."

"तू टाकलंस," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "मला वेड लावायला तू टाकीत पाणी टाकतेस."

"तीन दिवस माझे हात मांडीवर आहेत. तू बघतोयस. पंप उघड."

चार स्क्रू. माझ्या हातून त्यातले दोन खाली पडले. झाकण निघालं आणि मी पडदा चिमट्याने उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

शाबूत होता. एक ओरखडा नाही. भिंगातून बघितला, दोन्ही बाजूंनी बघितला. अंगठ्याला जे जाणवलं होतं ते काहीच नव्हतं. चार महिने मी उगाच जळत होतो. माझा जीव भांड्यात पडला आणि मी लहान पोरासारखा ओरडलोच, "बघ! बघ, धड आहे! माझ्यामुळे झालं नाही ते!"

"तुझ्यामुळे झालं असं मी कधी म्हणाले?"

मी पडदा परत त्याच्या जागेवर ठेवला.

"जोड आता," ती म्हणाली. "आणि नाक वर करून दाखव. तू नेहमी दाखवतोस तसं."

जोडलं. इंजिन सुरू केलं, विमान घोडीवरून सोडवून उभं धरलं, पूर्ण वेग दिला. एक, दोन, तीन. फ्लोट माझ्या कोपरांना थडथडत होते. सहा. सात.

सातला इंजिन मेलं.

पुन्हा केलं. सातला. सुई थोडी उघडून पुन्हा. सातला. शाबूत पडदा, नवी नळी, भरलेली टाकी, आणि सातला बंद. मधल्या शांततेत नळीतून बुडबुडे येत होते. आता ते चार सेकंदांनी नव्हते. घाईघाईने, एकावर एक.

मी पंपाच्या तोंडाची नळी उपटून काढली. आता कशाचा कशाशी संबंध नव्हता. पंप वेगळा, टाकी वेगळी. मी पंपाच्या तोंडावर बोट ठेवलं.

त्याने बोट ओढलं. तान्हं मूल बोट चोखतं तसं. सोडलं, आणि पुन्हा ओढलं.

"काय झालं?" बहीण म्हणाली.

"काही नाही. पंप ठीक आहे."

ओढ वाढली. नख पांढरं पडलं.

"दादा."

"पंपात काहीही दोष नाही, मी सांगतो ना तुला!"

बोट निघेना. दुसऱ्या हाताने मी मनगट धरून खेचलं, पाय बाकाला टेकवून खेचलं. अर्ध्या काडेपेटीएवढी ती वस्तू, आणि मी पंच्याऐंशी किलोचा माणूस. खांद्यापर्यंत हात बधिर झाला. मला भीती वाटली, खरी भीती, आणि त्या भीतीतच ते माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"सिरिंजने रेटलं मी. रागात. आत काहीतरी सुटलं ते मला कळलं होतं. तरी उघडून बघितलं नाही. नाक वर करून बघितलं नाही. त्याची फजिती व्हावी असं मला वाटत होतं."

बोट सुटलं.

बहीण माझ्या बोटाकडे बघत होती. मग उठली, नळी स्वतः जागेवर बसवली आणि म्हणाली, "आता बघ."

नळीत इंधन काचेसारखं नितळ होतं. नाक वर करून मी दहा मोजले, तीस मोजले, साठ मोजले. हात भरून आले तरी इंजिन गात होतं. मी ते बंद केलं तेव्हा माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं.

"झालं," ती म्हणाली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "बोललास ते बरं झालं. उद्या दुपारी तलावावर ये. उडवून बघू."

मला वाटलं, सुटलो. इतक्या महिन्यांनी मी त्या दिवशी पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तलावावर चिटपाखरू नव्हतं. पाणी तव्यासारखं सपाट, झाडाचं एक पान हलत नव्हतं. तिने विमान पाण्यावर सोडलं आणि रिमोट स्वतःच्या हातात घेतला. ती उडवायला शिकली होती हे मला ठाऊक नव्हतं.

विमानाने पाणी सोडलं. आवाज अप्रतिम होता. बाकावर असतो त्याहून सुंदर. तलावाच्या मध्यावर तिने नाक वर केलं आणि विमान सरळ चढू लागलं.

मी न ठरवता मोजत होतो.

सातला आवाज थांबला.

विमान एक गिरकी घेऊन तरंगत खाली आलं आणि पाण्याच्या मधोमध बसलं. जराही पाणी उडालं नाही.

"संध्याकाळी वारा येईल," मी म्हणालो. "आपोआप लागेल किनाऱ्याला."

"लागेल."

तिने रिमोट बंद करून पेटीत ठेवला. पेटीची कडी लावली.

"होडी आणली आहेस?" मी विचारलं.

"नाही."

मी दुर्बीण डोळ्याला लावली. पंखा थांबलेला होता, आडवा. तरी मला इंजिन ऐकू येत होतं, मंद गतीवर लावून ठेवलेलं, पाण्यावरून सरळ कानात. फ्लोटशेजारी पाचसहा बुडबुडे वर आले.

थांबले.

पुन्हा आले.

पोहून मला वीस वर्षं झाली होती. मी जोडे कधी काढले ते मला आठवत नाही. पाणी घोट्यांना लागलं, मग पोटऱ्यांना. कुणी ढकललं नाही. पायांना फक्त ओढ होती. सोडायची, आणि पुन्हा ओढायची.

मी मागे वळून बघितलं. बहीण काठावर आली होती. तिने हात पुढे केला, आणि क्षणभर मला वाटलं ती मला धरतेय.

"घड्याळ काढून दे, दादा," ती म्हणाली. "भिजेल."

मी पट्टा सोडला आणि घड्याळ तिच्या तळव्यावर ठेवलं.

ते अजून तिच्याकडेच आहे. जुनं, किल्लीचं घड्याळ. रोज सकाळी कामावर जाण्याआधी ती न विसरता त्याला किल्ली देते.